धारणीच्या पोरांचा रविवार

हिवाळा लागला की कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर सहलीचा कागद लागतो. धारणीतही लागतो. ठिकाणं ठरलेली असतात: शेगाव, वेरूळ, महाबळेश्वर, आणि फारच हौस असली तर कोकण. माणशी वर्गणी अशी की वर्गातली कितीतरी पोरं कागद वाचतात आणि काही न बोलता पुढे जातात. पैसे भरणारे जातात, चार दिवसांनी परत येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात. कागद वाचून पुढे गेलेल्यांचं काय, एवढाच या आठवड्याचा विषय.

शहरातल्या पोराच्या खिशात पन्नास रुपये असले तरी त्याचा दिवस जातो. अमरावतीत वडाळी आहे, छत्री तलाव आहे, अंबादेवीच्या बाहेर नुसतं उभं राहिलं तरी तास निघतो. अकोल्यात असदगडावर चढून मोर्णेकडे बघत बसता येतं. धारणीत काय आहे? बस स्थानक, बाजाराचा एक लांब रस्ता, पंचायत समिती, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय, मोबाइलची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या. रविवारी वसतिगृहातली पोरं या रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. दुपारी पुन्हा तेच. बरं, हे गाव आहे कुठं? सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला अगदी खेटून. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये ठरले, त्यात मेळघाट होता. लोक पुण्या-मुंबईहून, नागपूरहून सुट्ट्या टाकून जे बघायला येतात, त्याच्या उंबरठ्यावर ही पोरं राहतात. आणि रविवारी त्यांना जायला जागा नाही.

याचं कारण जंगलाचं फाटक आहे. फाटकाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जंगल जपायचं तर कोणी तरी ‘थांब’ म्हणायला हवं, आणि वन्यजीव कायदा १९७२ चा आहे म्हणून वाघ आज शिल्लक आहे. कोअरमध्ये पायी भटकू द्या असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण आत जायचा सरळ मार्ग म्हणजे जिप्सी. प्रवेशशुल्क परवडेल एकवेळ. गाडी आणि वाटाड्या धरून फेरीचा हिशेब काही हजारांत जातो. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे बापानं आठ-दहा दिवस बांध घातले, खड्डे खोदले, तर पोराच्या टोळक्याची एक फेरी. सहा जणांत वाटून घेतली तरी ती कोण घेणार? त्या पैशात महिनाभराचं तेल-मीठ येतं.

आणखी एक गोष्ट जास्त बोचते. कोअरमधून गावं उठवली, तेव्हा बोरी, कोहा, कुंड ही गावं पहिल्या खेपेत होती. पुढे आणखी उठली. बरीच माणसं खाली अकोट, तेल्हाऱ्याकडे सपाटीवर वसवली गेली. पुनर्वसन बरं झालं की वाईट, हा मोठा आणि वेगळा विषय. त्यावर पुन्हा केव्हातरी. इथं एवढंच बघा की ज्या पोराच्या आजोबांचं घर, विहीर, गोठा आज कोअरमध्ये पडून आहे, त्याला ती जागा बघायची तर पर्यटकांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. आजोबांचं गाव बघायला तिकीट! याला सहल म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

बुद्ध पौर्णिमेची रात्र घ्या. पाणवठ्याच्या मचाणावर बसून चांदण्यात जनावरं बघायची, हा राज्यातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाजलेला उपक्रम आहे. मेळघाटातही तो होतो. पैसे भरून मचाण राखायचं, सोबतीला वनखात्याचा माणूस किंवा स्थानिक मजूर मिळतो. आता हा सोबतीचा माणूस कोण? बहुधा याच पोरांचा काका, मामा किंवा शेजारी. पाहुण्याला अस्वल दाखवणारा तो, पाण्यावर रात्री काय काय येतं हे माहीत असणारा तो, आणि त्याचा पुतण्या धारणीच्या वसतिगृहात बसून भूगोलाच्या पुस्तकात पानझडी वनांची वैशिष्ट्यं पाठ करतोय. यात कोणाची दुष्टबुद्धी आहे असं मला वाटत नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच.

डोक्यात न येण्याचंही कारण आहे. मेळघाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, वाघ आणि कुपोषण. इथला माणूस एक तर दृश्याचा भाग असतो, नाही तर आकडेवारीचा. त्यालाही एक दिवस काही न करता भटकावंसं वाटतं, मैत्रिणीबरोबर हसावंसं वाटतं, पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटतं, हे सरकारी फायलीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. परतवाडा–धारणी रस्त्यावरचं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. दवाखाना जोडला, इंटरनेट आणलं, मंत्री आले. चांगलंच झालं. पण तरुण पोरांच्या मोकळ्या दिवसासाठी योजना आखलेली मी कुठे पाहिली नाही. मोकळा दिवस म्हणजे टवाळकी, असा आपला समज.

आता पोट्ट्यांनाही दोन शब्द. फुकटात काहीच नाही असं म्हणाल तर मी मानणार नाही. होळी घ्या. कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसं कुठून कुठून त्या दिवसांत परततात, पाच दिवस गावं जागी असतात, बाया रस्ता अडवून फगवा मागतात, मेघनाथाच्या यात्रा भरतात. शहरातली मुलं लोककलेच्या महोत्सवाला तिकीट काढून बसतात, ते इथं अंगणात चालतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, त्या कुळाची पार पश्चिमेकडची शाखा; तिच्या सख्ख्या बहिणी झारखंड-ओडिशात. आजीकडून गाणी उतरवून घ्यायची, मेलेल्या माणसाच्या नावानं कोरलेले सागवानी मुंडे गावोगाव बघायचे, त्यावरचा कुठला घोडेस्वार कोणाचा हे विचारायचं, यात एक अख्खा उन्हाळा जाईल आणि एम.ए.चा प्रबंधही होईल. पदरचं काही जाणार नाही. मात्र अशा ठिकाणी जाताना मोबाइल खिशात ठेवावा आणि आधी विचारावं. कोणाच्या पितरांपुढे सेल्फी काढायचा नसतो.

लवादाही जवळच आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथं संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बांबूपासून राख्या, खुर्च्या, घरं, काय काय होतं ते तिथं हातात घेऊन बघता येतं. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, काम चालू आहे. एक दुपार तिथं घालवलेला पोरगा बांबूच्या बेटाकडे पुन्हा नुसतं झुडूप म्हणून बघणार नाही. उतावलीला डॉ. आशिष सातव यांचं महान संस्थेचं रुग्णालय आहे, पलीकडे बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे आहेत, २०१९ चे पद्मश्री. दवाखाना ही काही फिरायची जागा नव्हे, कबूल. पण डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणाऱ्या पोरीनं पुण्याच्या मोठ्या इस्पितळाच्या काचा बघण्याआधी हे बघावं.

नदी तर फुकटच आहे. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार, सगळ्या तापीकडे पळतात. हिवाळ्यात सिपनेचं पाणी असं नितळ होतं की तळाचे गोटे मोजावेत. भाकर, ठेचा, चार कांदे बांधून न्यायचे आणि दिवस काढायचा. फक्त डोहात उतरू नका. पोहता येणाराही बुडतो, आणि दारू पिऊन उतरणारा तर हमखास. बिअरच्या बाटल्या तिथंच फोडून येणाऱ्यांवर मी एक वेगळा लेख लिहीन म्हणतो, पण संपादक छापणार नाहीत.

पैसे थोडे आणि दिवस मोठा असला तर मी अमरावतीकडे तोंड करणार नाही, बऱ्हाणपूरकडे करीन. भोकरबर्डी ओलांडली की मध्य प्रदेश; देडतलाईवरून रस्ता जातो. जी तापी आपल्या तालुक्याच्या उत्तरेला हद्द आखत वाहते, तीच पुढे बऱ्हाणपूरच्या तटाखालून जाते. मुमताज महल १६३१ मध्ये याच गावात वारली आणि ताजमहाल होण्याआधी तिचं दफन तापीपलीकडे आहुखान्यात झालं, हे बी.ए.च्या पोरांना परीक्षेपुरतंही कोणी सांगत नाही. गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं, शंभरावर कुंड्यांच्या माळेतून शहरात आणायची १६१५ च्या सुमाराची मोगली व्यवस्था. आत उतरून ते पाणी बघता येतं. दरवर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मेळघाटातल्या पोरांनी हे बघितलंच पाहिजे. किल्ला एक वेळ राहू द्या. आणि मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही, खिसा झाडून का होईना.

एसटीचा हिशेब इथं समजून घ्या. मार्च २०२३ पासून राज्यात बायामुलींना अर्धं तिकीट आहे. धारणीच्या वसतिगृहातल्या पोरींसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. सेमाडोहला जाऊन रबडी खाऊन येणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. बऱ्हाणपूरला जायचं तर भोकरबर्डीपुढे पूर्ण भाडं. विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास घर ते कॉलेज एवढ्याच वाटेचा. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. तीच गाडी शेगाव-महाबळेश्वराऐवजी चिखलदऱ्याला न्या ना. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचं विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण, शेजारी गाविलगड, बहमनी सुलतानानं बांधलेला आणि डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं भोसल्यांकडून घेतलेला. एका दिवसात जाऊन येणं होतं, मुक्कामाचा खर्च नाही, वर्गणी पाचव्या हिश्श्यावर येईल. मग नोटीस बोर्डावरून कोणी पाठ फिरवणार नाही.

रेल्वेचं मात्र दुखणं आहे. अकोला–खंडवा मीटरगेज चालू होती तेव्हा धूळघाटाजवळ गाडी स्वतःच्याच रुळाला वेढा घालून डोंगर चढायची. बोगदे, वळणं, खिडकीत जंगल, आणि तिकीट चहा-भज्यांएवढं. गरीब पोरासाठी यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा देखणी सफर महाराष्ट्रात नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. ब्रॉडगेज जंगलातून न्यायची की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. वाघाच्या घरातून वेगवान गाड्या नकोत, ही बाजू मला पटते. पण तालुक्यात ‘धूळघाट रेल्वे’ नावाचं गाव आहे आणि रेल्वे नाही, ही स्थिती काही शोभेची नाही.

पोरींचा प्रश्न तिकिटापाशी सुटत नाही. पोट्टे एका मोटारसायकलवर तिघं बसून घाटात निघतात (आणि कधीकधी दवाखान्यात पोचतात, तेही सांगितलं पाहिजे). पोरींना संध्याकाळच्या आत वसतिगृहात हजर राहायचं असतं. परतीची गाडी चुकली किंवा आलीच नाही तर बोलणी त्यांनीच खायची. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर ही कित्येकींच्या कॉलेजजीवनातली एकमेव सहल ठरते. दिवसभर खडी फोडतात, गटारं काढतात, रात्री शेकोटीपाशी नाचतात, आणि वर्षभर त्याच रात्रीच्या गोष्टी सांगतात. यावरून ओळखा भूक किती आहे.

काय करता येईल? फार खर्चाचं काहीच नाही. ताडोबात पर्यटकांना एकत्र नेणारी कँटर चालते. तशी एक गाडी मेळघाटात महिन्यातून एका रविवारी फक्त तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरांसाठी सुटावी, धारणीहून निघावी आणि धारणीलाच यावी. शुल्क माफ, डिझेल प्रकल्पाच्या पर्यटन उत्पन्नातून. वाटाड्या कोरकू असावा आणि त्यानं कोरकूतच बोलावं; ज्याला कळणार नाही त्याला शेजारचा सांगेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यात निबंध आणि चित्रकला स्पर्धा घेऊन जंगलप्रेम येत नसतं, ते जंगलात नेल्यानं येतं. वाघामुळे ज्यांच्या गायी गेल्या, ज्यांचे रस्ते अडले, ज्यांची गावं उठली, त्यांच्या मुलांना त्या वाघाचा थोडा आनंदही मिळू द्या. उद्या हीच मुलं तलाठी, शिक्षक, वनरक्षक होणार आहेत. जंगलाबद्दल त्यांचं मत आत्ताच बनतंय, बस स्थानकासमोरच्या टपरीवर.

प्राचार्य मंडळींना विनंती की पत्र पाठवायला परीक्षा संपायची वाट बघू नका. बुद्ध पौर्णिमा उन्हाळ्यात येते आणि मचाणांची नोंदणी त्याच्या बरीच आधी सुरू होते. व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना मागणी एवढीच: येत्या पौर्णिमेला पाच मचाणं धारणी आणि चिखलदरा तालुक्यातल्या विद्यार्थ्यांसाठी विनाशुल्क राखून ठेवा, त्यातली दोन मुलींची, सोबतीला महिला वनरक्षक. पत्राची प्रत या स्तंभाकडे पाठवली तर छापीन, आणि उत्तर आलं तर तेही.