सूचनापेटीची किल्ली कोणाकडे?

आजच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात पाऊल टाकले, की यंत्रशाळेच्या भिंतीवर बहुधा एक फलक दिसतो. डाव्या हाताला ‘सुधारणेपूर्वी’, उजव्या हाताला ‘सुधारणेनंतर’. दोन छायाचित्रे, त्यांखाली वाचलेले सेकंद, वाचलेले रुपये, आणि ज्याने सूचना केली त्या कामगाराचे नाव. ‘कायझेन’ या जपानी नावाने ही पद्धत ओळखली जाते. कामगारांच्या लहान गटाने आपल्या कामातील अडचण स्वतः हेरावी, तिचे मूळ शोधावे, उपाय करून पाहावा, आणि हा क्रम कधीही खंडित होऊ देऊ नये, एवढाच तिचा आशय आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या वसाहतीत मोटारी, शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे तयार होतात. भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यातील कुरकुंभला रसायने आणि औषधी द्रव्ये. ज्वारीच्या आणि उसाच्या हिशेबावर चालणाऱ्या घरांतील मुले आज तेथे सेकंदांच्या हिशेबावर राबत आहेत. तेव्हा हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून आपण मोकळे व्हावे, असा नाही.

आणि नेमके तेच आपण केले, हे प्रथम कबूल केले पाहिजे. हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यात एस. आर. उडपा यांच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास देशातील पहिली गुणवत्ता मंडळे सुरू झाली. १९८२ मध्ये त्यांचा देशव्यापी मंचही निघाला. १९८२ हे वर्ष मुंबईच्या गिरणी संपाचे. एकीकडे अडीच लाख कामगार रस्त्यावर, आणि दुसरीकडे मालक व कामगार यांनी एका मेजाभोवती बसून ‘समस्या सोडवण्याची’ भाषा! कामगार चळवळीत अनेकांना हा संघटना फोडण्याचा नवा डाव वाटला. तो संशय निराधार मुळीच नव्हता. संघटनेला बगल देऊन कामगाराशी परस्पर बोलण्याचे साधन म्हणून अशी मंडळे जगभर वापरली गेली आहेत. परंतु संशय खरा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. मालक कामगाराच्या बुद्धीला हाक मारीत असताना आपण मात्र केवळ त्याच्या पगाराविषयीच बोलत राहिलो.

कामगाराला बुद्धी आहे, हे जपानने आपल्याला शिकवावे, याची मला गंमत वाटते. दौंड तालुक्यात केडगाव, राहू या भागांत गुऱ्हाळे आहेत. काहिलीत रस उकळतो, मळी काढली जाते, चुलवणात चिपाड पडत असते, आणि सर्वांची नजर एका माणसाकडे लागलेली असते. तो गुळव्या. पाकाचा रंग, बुडबुड्याचा आकार, पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटात होणारी गोळी, यांवरून तो ठरवतो की काहील आता उतरवायची. तो ‘उतरवा’ म्हणाला, की उतरवायची. गुऱ्हाळाचा मालक जवळ उभा असला, तरी त्या क्षणी हुकूम गुळव्याचा चालतो. कारण अर्धा मिनिट उशीर झाला तर ढेप बिघडते, आणि नुकसान मालकाचेच होते. गुऱ्हाळ म्हणजे काही समतेचे नंदनवन नव्हे. तेथील धग, रात्रपाळी आणि मजुरी यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. परंतु ज्याला कळते त्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार, हे तत्त्व तेथे निमूटपणे पाळले जाते. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो आणि जुळणीचा पट्टा थांबू शकतो, असे कौतुकाने सांगतात. आमच्या गुळव्याला दोरीही लागत नाही.

विद्या आपल्याकडे नव्हती, असेही नाही. उत्पादनातील दोष संख्याशास्त्राने आवरण्याची कल्पना मांडणारे वॉल्टर शुहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. त्यांचे अनुयायी डेमिंग यांची जपानमधील प्रसिद्ध व्याख्याने १९५० ची. म्हणजे गुरू आपल्याकडे आधी आला, पण पीक तिकडे आले. का आले, हे पाहण्यासारखे आहे.

१९५० साली टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. कामगारकपातीविरुद्ध दीर्घ संघर्ष झाला. कपात टळली नाही. परंतु कंपनीचे प्रमुख किइचिरो टोयोडा यांनाही पद सोडावे लागले. मागे राहिलेल्या कायम कामगारांच्या नोकरीला सहसा हात लावायचा नाही, ही रीत त्या कडवट अनुभवातून रुजली. कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली ती त्यानंतर, १९५१ मध्ये. आणि कावोरू इशिकावा यांच्या प्रेरणेने जपानभर गुणवत्ता मंडळे पसरली ती १९६२ पासून. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी हमी, मग सूचना. आपल्या सूचनेने दोन माणसांचे काम एकाने होऊ लागले, तर दुसरा माणूस घरी जाणार नाही, अशी खात्री असल्याखेरीज कोणता शहाणा कामगार तोंड उघडील?

आणि जपानलाही ही हमी सर्वांना देता आली नाही. सातोशी कामाता हे पत्रकार १९७२ साली टोयोटाच्या कारखान्यात सहा महिन्यांचे हंगामी कामगार म्हणून राहिले. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात पट्ट्याची वाढती गती आहे, दुखापती आहेत, आणि थकून मध्येच निघून गेलेले सोबती आहेत. कायम कामगाराच्या वाट्याला सुधारणा आणि हंगामी कामगाराच्या वाट्याला वेग, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील आजची भरती पाहिली, की कामातांचे ते सहा महिने आठवतात. कायम कामगार थोडे. बाकीचे ठेकेदाराचे, मुदतीचे किंवा शिकाऊ. २०१३ साली ‘नीम’ नावाची एक केंद्रीय योजना आली. तरुणांना काम करता करता कौशल्य मिळावे, हा तिचा हेतू सांगितला गेला. व्यवहारात विद्यावेतनावर उत्पादन काढण्याची ती सोय झाली, अशा तक्रारी होत राहिल्या. योजना पुढे बंद झाली. सवय मात्र बंद झाली नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा रांजणगावच्या आसपास खोली घेऊन चौघांबरोबर राहतो, आणि कंत्राट संपले की चाकण किंवा सुपे गाठतो. यंत्राची खोड कळायला वर्ष लागते. ते वर्ष त्याला मिळत नाही. ज्याला उद्या येथे असण्याची खात्री नाही, त्याच्याकडून ‘निरंतर सुधारणे’ची अपेक्षा करणे म्हणजे भाडेकरूने जाण्याच्या आदल्या दिवशी घराचा पाया भरावा असे म्हणण्यासारखे आहे. अखंड सुधारणा हवी असेल, तर नोकरी तरी अखंड असली पाहिजे. हा भावनेचा मुद्दा नाही, उत्पादनाचा आहे.

रांजणगावात अडचण हेरली गेली नाही, तर शीतकपाटाचे दार नीट बसत नाही. कुरकुंभात हेरली गेली नाही, तर माणसे मरतात. तेथील वसाहतीत आगीच्या आणि स्फोटांच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत, आणि वसाहतीला खेटून गावे आहेत. रासायनिक कारखान्यात झडपेची गळती, तापमापकाचा खोटा आकडा, नळीवरील गंज या गोष्टी प्रथम कोणाला दिसतात? पाळीवर असलेल्या कामगाराला. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर तेथील संघटनेने धोक्याचा इशारा देणारी पत्रके लावली, निदर्शने केली. इशारा देणाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले. १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र सर्वांना ठाऊक आहे. व्यवस्थापनाच्या भाषेत बोलायचे तर समस्या ओळखली गेली होती, तिचे मूळही सापडले होते. फक्त ओळखणाऱ्याच्या हाती अधिकार नव्हता.

त्या रात्रीची किंमत मोजल्यावर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असलीच पाहिजे, असे ठरले. धोका जवळ आल्याची रास्त शंका आली तर तो थेट व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. माझ्या मते कायझेनवरील कोणत्याही चकचकीत पुस्तकापेक्षा ही दोन कलमे मोलाची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता अमलात आल्या आणि त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. तीत सुरक्षा समिती नेमायला लावण्याचे काम सरकारच्या सामान्य किंवा विशेष आदेशावर सोपवले आहे. ‘असलीच पाहिजे’ आणि ‘आदेश निघाल्यास’ यांत किती अंतर आहे, हे कुरकुंभच्या रहिवाशांना समजावून सांगावे लागणार नाही.

कामगारांच्या सहभागाची भाषा आपल्या राज्यकर्त्यांना नवीन नाही. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कार्य समिती नेमायला सरकार भाग पाडू शकते, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या संहितेतही आहे. व्यवस्थापनातील सहभागाचे कलम, ४३-अ, राज्यघटनेत आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. म्हणजे आणीबाणीत, अनेक कामगार नेते तुरुंगात असताना. सहभागाचे विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. दौंड हे जुने रेल्वेचे गाव. रेल्वेने कर्मचाऱ्यांच्या सहभागासाठी जो मंच काढला, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘प्रेम’ असा शब्द तयार होतो. प्रेमाची भाषा सर्वत्र आहे. संसार कोणी मांडत नाही.

कामगारांना खरोखर अधिकार मिळाला तर काय होते, याचे एक उदाहरण मुंबईतच घडले. कुर्ल्याचा बंद पडलेला कामानी ट्यूब्ज कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला आणि त्यांनी तो पुन्हा चालू केला. पुढे तो अडचणीत आला, हेही सांगितले पाहिजे. भांडवल आणि बाजार कामगाराच्या शहाणपणाला जुमानत नाहीत. पण यंत्रे चालवणाऱ्यांना कारखाना कळत नाही, हा आक्षेप तरी त्यानंतर कोणी घेऊ नये.

म्हणून शिरूर-दौंडच्या संघटनांनी गुणवत्ता मंडळांवर बहिष्कार टाकू नये. त्यांत बसावे आणि अटी घालाव्यात. सूचनेने वाचलेल्या सेकंदांचा उपयोग माणसे कमी करण्यासाठी किंवा पट्ट्याची गती वाढवण्यासाठी होणार नाही, हे वेतन करारात लिहून घ्यावे. वाचलेल्या रुपयांत सूचना करणाऱ्या गटाचा वाटा असावा. चहाचा कप आणि प्रमाणपत्र म्हणजे वाटा नव्हे. अडचण कोणती मानायची, हे ठरवताना पाण्याची वेळ, पाठीचे दुखणे, रात्रपाळीनंतरची बस आणि स्त्री कामगारांसाठी स्वच्छतागृह यांनाही समस्येचा दर्जा मिळावा. आज फलकावर बहुधा मालकाला टोचणारी समस्याच चढते. कंत्राटी कामगाराला कार्य समितीवर आणि सुरक्षा समितीवर जागा हवी, कारण धोक्याच्या जागी पुष्कळदा तोच उभा असतो. नाकारलेल्या सूचनेचे कारण लेखी मिळावे. आणि कुरकुंभच्या बाबतीत सरकारने पहिल्या प्रथम सुरक्षा समित्यांचा आदेश काढावा, लहान कारखान्यांना न वगळता. त्या समित्यांच्या बैठकांचे इतिवृत्त कारखान्याच्या दारावर मराठीत व हिंदीत लागावे, आणि त्याची एक प्रत कुरकुंभच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर.