कुंपण कुणाचे, राखण कुणाची?

नाचणीच्या कणसात दाणा भरू लागला, की सरगूरच्या शिवारात जागलीचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी जेवण उरकून घरातला कर्ता पुरुष घोंगडी, विजेरी आणि पत्र्याचा डबा घेऊन शेतातल्या माळ्यावर चढतो. घरी बायकोचा डोळा लागत नाही. पहाटे तो परत आला, की घरातले पहिला प्रश्न पिकाचा विचारत नाहीत. माणूस धड परतला, एवढेच आधी पाहतात.

म्हैसूर जिल्ह्याच्या नैऋत्येला कपिला, म्हणजेच काबिनी नदीच्या काठी सरगूर वसले आहे. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते; आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. जवळच बंदीपूर आणि नागरहोळे ही व्याघ्र प्रकल्पांची जंगले आणि त्यांच्या मधोमध १९७४ साली पूर्ण झालेल्या काबिनी धरणाचे पाणी. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत उगवते आणि तिथे हत्तींचे कळप जमतात. ते पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात. पाऊस सरून शेते पिकली, की हत्ती रात्री जंगलाची हद्द ओलांडून शिवारात उतरतात. तेव्हा पाहायला कुणी नसते. असतो तो फक्त माळ्यावरचा शेतकरी.

प्रश्न केवळ हत्तीचा नाही. रानडुकरे एका रात्रीत मक्याचे शेत उकरून टाकतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर याच तालुक्यात वाघाच्या हल्ल्यांत शेतकऱ्यांचे बळी गेले आणि वन खात्याला जंगल सफारी थांबवावी लागली. तरीही पिकाच्या नासाडीत हत्तीची बरोबरी कुणी करू शकत नाही. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. जंगलात त्यासाठी मैलोन्‌मैल हिंडावे लागते. शेतात तोच घास दाट, गोड आणि एका जागी मिळतो. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार यांना १९८० च्या दशकात दक्षिणेतल्या जंगलांत असे आढळले, की शेतात शिरण्यात माद्यांच्या कळपांपेक्षा वयात आलेले नर अधिक पुढे असतात.

मग या जनावरांना पकडून दूर का सोडत नाहीत, असे कुणालाही वाटेल. पण दूर नेऊन सोडलेले हत्ती पुष्कळदा चालत परत येतात किंवा नव्या जागी नव्या गावाला त्रास देतात. उत्तर अमेरिकेतही हाच धडा लोक शिकले आहेत. तिथे बीव्हर नावाचा मोठा कृंतक प्राणी ओढ्यांवर फांद्या-चिखलाचे बांध घालतो, त्यामुळे लोकांच्या खासगी जमिनी पाण्याखाली जातात. एक कुटुंब पकडून नेले, की काही दिवसांनी त्याच ओढ्यावर दुसरे येते. म्हणून आता पुष्कळ जमीनमालक बीव्हरच्या बांधातून नळ घालून पाण्याची पातळी खाली ठेवतात आणि झाडांच्या बुंध्यांना जाळी गुंडाळतात. प्राणी हलवण्यापेक्षा त्याची वाट बदलणे सोपे, हे यातले सार आहे.

सरगूरकडे वाट अडवण्याचे बरेच उपाय झाले आहेत. सर्वांत जुना उपाय खंदकाचा. सुमारे तीन मीटर खोल आणि तेवढाच रुंद खंदक हत्ती सहसा ओलांडत नाही. पण पावसात कडा ढासळतात, ओढ्याच्या जागी खंदक खणता येत नाही आणि हत्तीही पायाने माती लोटून वाट करतो. जुन्या रेल्वे रुळांचे कुंपण मजबूत खरे, पण त्याला किलोमीटरमागे कोटीहून अधिक रुपये लागतात. तेव्हा ते सरकारनेच उभारायचे. त्यालाही दुसरी बाजू आहे. २०१८ साली नागरहोळेतल्या वीरनहोसहळ्ळी भागात असे कुंपण ओलांडताना अडकून एक हत्ती मेला.

एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले म्हणजे सौर कुंपण. त्यात सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटरीतून साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच विजेचा झटका तारेत सोडला जातो. दाब काही हजार व्होल्टचा असला, तरी झटका इतका अल्पकाळ टिकतो की जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र तारेला गवत किंवा वेल टेकली, की वीज जमिनीत उतरते आणि झटका मंदावतो. हत्ती हे लवकर ओळखतो. सुळ्यातून वीज जात नाही, हेही त्याला कळते. मग तो सुळ्याने तार तोडतो किंवा झाड ढकलून कुंपणावर पाडतो. म्हणून रोज सकाळी तारेखालून फेरी मारणे, गवत कापणे, दाब मोजणे आणि बॅटरी तपासणे ही कामे टळता कामा नयेत. कुंपण उभारणे एका आठवड्याचे काम आहे, ते राखणे वर्षभराचे.

इथेच काही जण जवळची वाट धरतात. खांबावरच्या वीजवाहिनीवर आकडा टाकून तार थेट शेताभोवती फिरवतात. या तारेतला प्रवाह क्षणभराचा नसतो. तिला हत्ती, डुक्कर, शेजाऱ्याची म्हैस आणि पहाटे पाणी द्यायला आलेला स्वतःचा मुलगा सारखेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हत्तीला मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. एका हंगामाचे पीक वाचवायला निघालेले घर अशा रीतीने कायमचे उद्ध्वस्त होते.

याहून शहाणपणाचा मार्ग तामिळनाडूतल्या वालपारै भागाने दाखवला. चहामळ्यांच्या त्या डोंगरात लोक मरत ते बहुधा हत्ती जवळ आहे हे ठाऊक नसल्यामुळे. तिथल्या निसर्ग अभ्यासकांनी हत्ती कुठे आहेत याचे निरोप मोबाईलवर पाठवायला आणि मोक्याच्या जागी लाल दिवे लावायला सुरुवात केली. लोक वेळेवर सावध होऊ लागले आणि जीव वाचले. कोडगू जिल्ह्यात २०२१ साली खादी ग्रामोद्योग आयोगाने हत्तीच्या वाटेवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवून पाहिल्या. मधमाश्यांना हत्ती बिचकतो. या उपायांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केले तर ते टिकतात. एकाच्या कुंपणाने हत्ती फक्त शेजाऱ्याकडे वळतो.

पीक गेलेच, तर भरपाई मिळते. पण अर्ज, छायाचित्रे, पंचनामा यांच्या खेपांनी शेतकरी थकतो. बंदीपूर-नागरहोळेच्या परिसरात २०१५ पासून ‘वाइल्ड सेवे’ हा उपक्रम अशा शेतकऱ्यांचे अर्ज भरून द्यायला मदत करतो. इतकी साधी सोयही किती उपयोगी पडते, हे ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्यालाच कळते.

महाराष्ट्राला हा विषय आता परका राहिलेला नाही. २००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आले, पुढे कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्यापर्यंत पोहोचले. तिथेही केळीच्या बागा आणि ऊस तुडवले गेले, तिथेही माणसे रात्री जागी राहिली.

हत्ती साऱ्या देशाचे वैभव आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेच आहे. पण त्या वैभवाचा खर्च जंगलाच्या कडेला दोन-तीन एकर कसणाऱ्याने एकट्याने का सोसायचा? त्याने तारेखालचे गवत रोज कापावे, ही अपेक्षा रास्त आहे. तशीच भरपाई हंगाम उलटण्याआधी त्याच्या हाती पडावी, ही अपेक्षाही रास्तच. दोन्ही गोष्टी वेळेवर झाल्या, तर माळ्यावरच्या माणसाला आणि घरी जागणाऱ्या त्याच्या बायकोलाही एखादी रात्र स्वस्थ झोप लागेल.