बीज एक, लगाव निराळा

आमच्या लष्करात गवयाच्या मुलाला दोनच प्रश्न विचारतात. गातोस ना? आणि वडिलांसारखे गातोस का? माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत, ऐन विशीत, ग्वाल्हेर दरबारात गात असत. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. पहिल्या प्रश्नाला मी होय म्हणतो. दुसरा आला की हसून वेळ मारून नेतो आणि शिकवणीला निघतो.

हे आठवले ते एका चित्रमालिकेमुळे. सुटीत पुतण्याने शेजारी बसवून मला ‘द बॅड बॅच’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका दाखवली. २०२१ ते २०२४ या काळात तिची तीन पर्वे आली. गोष्ट ‘स्टार वॉर्स’च्या कल्पित विश्वातली. जँगो फेट नावाच्या एका लढवय्याच्या बीजापासून प्रयोगशाळेत अफाट सैन्य घडवलेले असते. त्यातल्या चौघांच्या बीजात फेरफार आहे. हंटरची इंद्रिये तीक्ष्ण, रेकरचे बळ अचाट, टेकची बुद्धी तल्लख, क्रॉसहेअरची नजर अचूक. शिवाय सैनिकांच्या मेंदूत चिप बसवलेली. हुकूम सुटला की कालच्या सेनापतीवर बंदूक रोखायची.

मुलांची मारामारी म्हणून मी बसलो, परंतु पहिला धक्का कानाला बसला. हे सारे भाऊ डी ब्रॅडली बेकर या एकाच नटाच्या कंठातून बोलतात! तरीही डोळे मिटून कोण बोलले ते ओळखता येते. टेक शब्द सुटे आणि भराभर टाकतो, क्रॉसहेअर जवळजवळ कुजबुजतो, रेकर छातीतून गर्जतो. षड्ज एकच, लगाव निराळा.

दुसरा धक्का पहिल्या पर्वाच्या शेवटी. क्रॉसहेअर भावांना सोडून साम्राज्याच्या बाजूने लढतो. आपण समजतो, दोष चिपचा. तो सांगतो की चिप केव्हाच काढली आहे. ही त्याची स्वतःची निवड. दुसऱ्या पर्वात हाच माणूस, मरणाऱ्या सोबत्याला औषधोपचार नाकारणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यावर गोळी झाडतो. तिसऱ्या पर्वात या अचूक नेमबाजाचा हात थरथरू लागतो, तेव्हा त्याच बीजाची ओमेगा नावाची लहान मुलगी त्याला स्वस्थ बसून मन स्थिर करायला लावते. रोज बसणे, मन एका जागी आणणे, याला आपल्याकडे रियाज म्हणतात.

मालिकेत खोट नाही असे नव्हे. भावांची नावेच त्यांच्या जन्मजात गुणांवरून पडली आहेत. पण ‘गवयाचा पोर’ हे नाव आपण तरी दुसऱ्या कशावरून ठेवतो?

ग्वाल्हेर गायकीचा आपल्याला अभिमान आहे, म्हणून तिचीच साक्ष काढतो. हस्सूखाँसाहेबांकडून ती वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि बुवांकडून विष्णु दिगंबर पलुस्करांकडे. या चौघांत रक्ताचे नाते नाही. कृष्णराव पंडितांना विद्या वडिलांकडून, शंकररावांकडून मिळाली हे खरे. पण तीही समोर बसून घ्यावी लागली. घराणे म्हणजे बीज नव्हे, बैठक.

आता स्वतःचा दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन वर्गात आल्या. “मास्तर, आमच्या घरात कुणीच गात नाही. चालेल ना?” दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याच्या थाटात मी म्हणालो, “शिकवीन हो. पण हे मुळात घरातूनच यावे लागते.” मुलगी पुन्हा आली नाही. जो प्रश्न जन्मभर मला बोचला, त्याचीच सुई मी तिला टोचली.

प्रयोगशाळेत घडलेल्या त्या सैनिकांनाही लेखकांनी आपापला मार्ग निवडू दिला. आठ वर्षांच्या मुलीला मी तेवढीही संधी दिली नाही. यंदापासून नाव लिहून घेताना ‘घरात कोण गाते?’ हा रकाना मी वहीतून काढून टाकला आहे.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. हे पान त्यांच्या घरी जात असेल, तर त्या बाईंना एवढेच कळवतो: वर्ग संध्याकाळी सहाला भरतो, आणि तानपुरा जुळवण्यापासून सुरुवात होते.