प्रतिमा विनोदाने मळत नाही

नेत्याची नक्कल झाली, व्यंगचित्र आले की कार्यकर्ते पोलीस ठाणे गाठतात. तक्रार ठरलेली: साहेबांची बदनामी झाली, जनमानसातली प्रतिमा मलिन झाली. 'टीका करा, पण टवाळी नको,' असे म्हणत चांगली शहाणीसुरती माणसेही त्या सुरात सूर मिसळतात. मला हे म्हणणे मुळातच मान्य नाही.

कोलकात्याचे प्रकरण पाहा. मार्च २०१२ मध्ये ममता बॅनर्जींनी आपल्याच पक्षाच्या दिनेश त्रिवेदींना रेल्वेमंत्रिपद सोडायला लावले आणि तिथे मुकुल रॉय आले. कुणीतरी सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या चित्रपटाच्या आधाराने त्यावर एक व्यंगचित्र जुळवले. जादवपूर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे अंबिकेश महापात्र यांनी ते आपल्या गृहनिर्माण सोसायटीतल्या लोकांना ईमेलने पाठवले. चार लोक हसले असते आणि विसरले असते. एप्रिलमध्ये पोलिसांनी महापात्रांना अटक केली आणि ज्यांनी 'सोनार केल्ला'चे नावही ऐकले नव्हते त्यांच्यापर्यंत ते चित्र पोहोचले. प्राध्यापकाची त्या खटल्यातून सुटका व्हायला २०२३ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात ममतांनी २०१६ आणि २०२१ अशा दोन विधानसभा निवडणुका जिंकल्या. म्हणजे ज्या चित्राने प्रतिमा ढासळेल अशी धास्ती होती, त्याने त्यांची सत्ता काही हलली नाही. असहिष्णू असल्याचा शिक्का मात्र बसला, आणि तो अटकेने बसला.

२०१२ च्याच सप्टेंबरात मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. पुढच्याच महिन्यात तो आरोप मागे घेण्याची पाळी सरकारवर आली. नाचक्की कोणाची झाली, हे सांगायला नको.

आता दुसऱ्या बाजूचा दावा. विनोद करणारे आणि त्यांचे चाहते छातीठोकपणे सांगतात की हशा सत्तेला हादरवतो. हेही सरसकट खरे नाही, आणि इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडतो आहे.

लालूप्रसाद यादव यांच्याइतक्या नकला या देशात फार थोड्या नेत्यांच्या झाल्या असतील. बोलण्यातला हेल, कानांवरचे केस, घरातल्या म्हशी. नकलाकारांनी काही म्हणून सोडले नाही. २००५ मध्ये महेश मांजरेकरांनी चक्क त्यांच्या नावाचा चित्रपट काढला आणि त्यात लालू स्वतःही झळकून गेले. याने त्यांचे काय बिघडले? शहरी प्रेक्षकाला ते गमतीदार आणि निरुपद्रवी वाटू लागले. गावाकडच्या मतदाराला त्या हशात स्वतःच्या बोलीची हेटाळणी ऐकू आली आणि तो लालूंना अधिकच घट्ट बिलगला. दुसरीकडे चारा घोटाळा होता. जनावरांच्या चाऱ्याची आणि औषधांची खोटी बिले लावून सरकारी कोषागारांतून पैसा उपसला गेला होता आणि आकडा साडेनऊशे कोटींच्या घरात होता. त्यातल्याच चाईबासाच्या कोषागाराचे नाव नकलाकाराच्या तोंडून मी क्वचितच ऐकले. २०१३ मध्ये लालूंची खासदारकी गेली ती न्यायालयाने दोषी ठरवल्यामुळे. इतक्या वर्षांच्या हशाने त्या दिशेने एक पाऊलही टाकले नव्हते.

मग विनोद निष्प्रभ असतो का? मुळीच नाही. डिसेंबर १९७५. आणीबाणी लागू होऊन पाच-सहा महिने झाले होते आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. अबू अब्राहम यांनी 'इंडियन एक्सप्रेस'साठी एक चित्र काढले. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसले आहेत, दार किंचित उघडे आहे, सही केलेला कागद ते बाहेर देताहेत आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणताहेत. त्यांच्या रूपाची किंवा बोलण्याची खिल्ली उडवणे हा त्या चित्राचा हेतूच नाही. २५ जूनच्या रात्री त्यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली होती आणि पुढे अध्यादेशांवर सह्या होत राहिल्या, तेवढीच कृती अबूंनी उचलली. अहमद यांचे नाव निघाले की आजही अनेकांना तो टब आठवतो. त्या प्रतिमेचे खापर अबूंवर फोडता येणार नाही. ती त्या सह्यांनी घडवली होती; अबूंनी ती सर्वांना एका नजरेत दाखवली.

म्हणून नेत्यांना माझे सांगणे आहे की नक्कल करणाऱ्यावर गुन्हा नोंदवू नका. केलेल्या कृतीचे उत्तर द्या. आणि वाचकहो, एखाद्याच्या पोटावर, उच्चारावर, जातीवर किंवा बायकोवर रचलेला विनोद मोबाइलवर आला तर तो पुढे ढकलू नका. तो त्या नेत्याचे काहीही वाकडे करत नाही, उलट त्याला सहानुभूती मिळवून देतो. त्याने घेतलेल्या निर्णयावर, मोडलेल्या शब्दावर, गिळलेल्या पैशावर कुणी विनोद केला, तर तो मात्र जरूर दहा जणांना पाठवा. आणि त्यासाठी कुणाला अटक झाली, तर त्याच्या बाजूने उभे राहा.