रेवस ते रेडी: नकाशाच्या अ‍ॅपला ओहोटी का कळत नाही?

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र कमी खर्चात कोकण किनारा पालथा घालायचं ठरवून बसलो होतो. स्वतःची गाडी नाही, हॉटेलचं बुकिंग नाही. एसटी, लाँच, फेरीबोट आणि पाय. सुरुवात रेवसहून, कारण माझं आजोळ त्याच बाजूला आहे आणि पहिली रात्र फुकटात निघणार होती. मित्र उरणहून येणार होता. फोनमधल्या नकाशावर करंजा आणि रेवस यांच्यामध्ये धरमतर खाडीचं निळं पाणी आणि त्यावर एक तुटक रेघ दिसते. लाँचने काही मिनिटांचा रस्ता. संध्याकाळी पाचला निघायचं आणि अंधार पडायच्या आत जेवायला घरी, असा हिशेब.

दुपारी जेवताना आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आज अमावस्या ना रे? मग पाच-साडेपाचला पाणी कुठलं? गाळात लाँच लागेल कशी?" मी फोन दाखवला. ते हसले आणि भात वाढून घेतला.

साडेपाचला मित्राचा फोन आला. ओहोटी पूर्ण होती आणि लाँच पाणी चढेपर्यंत सुटणार नव्हती. थांबायचं किती, हे नक्की कुणी सांगेना. तो मागे फिरला, पेण-वडखळ-अलिबाग असा वळसा घालून आला. अलिबागला पोचेपर्यंत रेवसची शेवटची गाडी गेलेली. मग रिक्षा. रात्री दहाला दारात उभा, आणि पहिल्या दिवसाचं अख्खं बजेट त्या एका रिक्षात गेलेलं.

चूक कुणाची? समुद्राची नाही. लाँचवाल्याचीही नाही, गाळात बोट घालणं हा वेडेपणा आहे. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडला: ही गोष्ट आजोबांना जेवताजेवता कळली, ती माझ्या फोनला का कळली नाही?

अ‍ॅप रस्ता कसा शोधतं

नकाशाच्या अ‍ॅपसाठी जग म्हणजे ठिपके आणि रेघा. चौक, फाटा, जेट्टी हे ठिपके; त्यांना जोडणारे रस्ते या रेघा. प्रत्येक रेघेला एक किंमत असते, साधारणपणे ती पार करायला लागणारी मिनिटं. मग इथून तिथे जायचा सगळ्यात स्वस्त मार्ग शोधायचा. यामागची मूळ पद्धत डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. आजची अ‍ॅप्स त्यावर बऱ्याच युक्त्या चढवतात, पण गाभा तोच.

रस्त्याची किंमत अ‍ॅपला तुमच्या-आमच्या फोनमधून कळते. वडखळला शंभर फोन रांगत असतील, तर तिथे कोंडी आहे हे त्याला समजतं. खाडीवरच्या रेघेचं तसं नाही. तिथून फोन कमी जातात, आणि लाँच सुटलीच नाही तर हलणारा फोनच नसतो. मग अ‍ॅप कुणीतरी कधीतरी भरलेली एकच ठरावीक संख्या धरून चालतं. भरती असो वा ओहोटी, त्या रेघेची किंमत तेवढीच.

बस आणि ट्रेनसाठी जीटीएफएस नावाचा खुला साचा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बसपासून त्याची सुरुवात झाली. वाहतूक संस्थेने थांबे, मार्ग आणि वेळा या साच्यात भरून खुल्या केल्या की कुठलंही अ‍ॅप ते वाचू शकतं. रोज वेगळ्या वेळा आणि आयत्या वेळी रद्द झालेली फेरी, दोन्ही त्यात सांगता येतं. म्हणजे तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण ही की खाडीतल्या छोट्या जेट्टीचं वेळापत्रक अजून खडूने फळ्यावर लिहिलेलं असतं, किंवा तिकीटवाल्याच्या डोक्यात.

अडीच हजार वर्षांचं नाही, पण जुनं अ‍ॅप: तिथी

आजोबांचं गणित असं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. अमावस्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा: सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. मित्र नेमका त्याच वेळी करंजाच्या धक्क्यावर उभा होता.

यामागचं विज्ञान सोपं आहे. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती दररोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं. पाच मिनिटांची चूक आहे, पण बिनानेटचं, बिनाबॅटरीचं अ‍ॅप म्हणून वाईट नाही. नक्की वेळ हवी असेल तर फोनवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडा. दक्षिणेला प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते.

यातून बजेटवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट निघते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतं, म्हणजे चढ-उतार कमी. ओहोटीतही पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे गाळाने लाँच अडकायची शक्यता कमी. लाँग वीकेंड बघून तारखा ठरवतो, तशी अष्टमीही बघायला हरकत नाही.

पाच खाड्यांचं गणित

रेवसहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालात की रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. मग मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी फेरीबोट. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडला ते वेसवी. दापोलीखाली दाभोळ ते धोपावे. गुहागर-हेदवी करून तवसाळ ते जयगड. रत्नागिरीच्या दक्षिणेला बऱ्याच खाड्यांवर पूल झाले आहेत, त्यामुळे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी रेडी हा टप्पा त्यामानाने सरळ.

म्हणजे करंजा धरून पाच वेळा पाणी ओलांडायचं. या फेरीबोटी म्हणजे कोकणातल्या माणसाला मिळालेली मोठी सोय आहे. दाभोळची बोट नसती तर चिपळूणमार्गे वळसा घालावा लागला असता. पण नियोजन करताना गणित विसरू नका. समजा, प्रत्येक ठिकाणी सगळं वेळेवर होण्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला छान वाटतं. पाचही ठिकाणी सगळं वेळेवर होण्याची शक्यता किती? ०.९ ला पाच वेळा गुणा: सुमारे ५९ टक्के. म्हणजे पाचातल्या दोन सहलींत कुठेतरी एकदा तरी अडकणार. ही ९० टक्के संख्या मी धरलेली आहे, मोजलेली नाही. पण मुद्दा तोच राहतो. एकेक टप्पा भरवशाचा असला तरी साखळी भरवशाची नसते.

म्हणून अर्धा दिवस आणि एका मुक्कामाचे पैसे 'अडकलो तर' या खात्यात वेगळे ठेवा. राहणं-खाणं मिळून दिवसाला १,००० रुपये धरलेत आणि सहा दिवसांचा बेत असेल, तर ६,००० नाही, ७,००० घेऊन निघा. उरले तर घरी येताना आंबावडी आणि कोकम आणा.

सिग्नल नाही, तर काय चालतं?

किनाऱ्याच्या घाटवाटांवर आणि जेट्ट्यांवर सिग्नल येतो-जातो. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहाचा सिग्नल फोन थेट पकडतो. नेट नसताना फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रह कुठे आहेत ही माहिती एरवी नेटवरून पटकन मिळते. नेट लागतं ते नकाशाच्या चित्राला. तो भाग आधी उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये उतरवलेल्या भागात गाडीचा रस्ता मिळतो, पण चालत जायचा किंवा बसचा रस्ता ऑफलाइन मिळत नाही. पायी फिरणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओसमअँड सोबत ठेवा; त्यांत पायवाटाही ऑफलाइन दिसतात.

कुठलं सिम घ्यायचं, याला आता अंदाजाची गरज नाही. ट्रायच्या नियमानुसार १ एप्रिल २०२५ पासून मोबाइल कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर दाखवावे लागतात. दोघं जात असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. हा सगळ्यात स्वस्त विमा.

पैशांचं बघा. यूपीआय लाइटला पिन लागत नाही म्हणून ते ऑफलाइन चालतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही, नेट लागतंच. त्याचा फायदा एवढाच की बँकेचा सर्व्हर दमलेला असला तरी छोटे व्यवहार सहसा अडत नाहीत. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत. नेट नसेल आणि साधा फोन लागत असेल तर *९९# आहे, पण त्यासाठी बँकेत नोंदवलेलंच सिम हवं आणि फोनला निदान एक दांडी. पूर्ण शून्य सिग्नलवर कामाला येते ती नोट. शंभर, पन्नास, वीसच्या. जेट्टीवर पाचशेची नोट काढलीत तर मागची रांग तुम्हाला कोकणीत काय म्हणेल ते अ‍ॅपला भाषांतर करता येणार नाही.

आणि एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना विसरू नका. १९८८ पासून चालू आहे, चार आणि सात दिवसांचे पास मिळतात. दर बदलत असतात, म्हणून आगारात विचारा. महिलांना मार्च २०२३ पासून साध्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे पास परवडतो की सुटी तिकिटं, हा हिशेब मुलींनी आधी करून बघावा.

पूल झाला की प्रश्न संपेल?

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. करंजा-रेवस पुलाचं स्वप्नही तेव्हाचंच. माझ्या आजोबांचे केस काळे होते तेव्हापासून ते पुलाबद्दल ऐकताहेत. आता रस्ते विकास महामंडळाने या मार्गावरच्या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यामुळे मुंबई उरणच्या जवळ आलीच आहे. करंजाचा पूल झाला की अलिबागही येईल.

तेव्हा अ‍ॅप बरोबर ठरेल, कारण जग त्याच्या सोयीचं झालेलं असेल. गाडीवाल्या पर्यटकाचा प्रश्न सुटेल. पण ज्याच्याकडे गाडी नाही, त्याचं काय? मासळीची पाटी घेऊन लाँचने जाणारी मावशी, कॉलेजला पलीकडे जाणारा मुलगा, यांना पुलावरून जायला बस लागेल. लाँच तोट्यात जाऊन बंद झाली आणि पुलावरून पुरेशा बस सुटल्या नाहीत, तर नकाशावर अंतर कमी होईल आणि या माणसांचं वाढेल. पुलाच्या खर्चाच्या मानाने वेळापत्रक खुलं करणं जवळजवळ फुकट आहे. लाँच, फेरीबोट आणि एसटी यांच्या वेळा, आणि 'आज ओहोटीमुळे चार ते सात बंद' एवढी एक ओळ, खुल्या साच्यात रोज टाकली तरी माझ्यासारखा कुणीही शनिवार-रविवारी बसून त्याचं अ‍ॅप करेल.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही सुधारता येतो. परत आल्यावर मी तेच केलं: जेट्टीवर विचारून लिहून आणलेल्या वेळा आणि 'ओहोटीत फेरी बंद असू शकते' अशी नोंद. दहा मिनिटांचं काम. तुम्ही ज्या खाडीवर अडकाल तिथली नोंद तुम्ही करा.

आजोबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "यात तिथी कुठे टाकलीस?" ती टाकायला त्या नकाशात अजून रकाना नाही. सध्या मी फोनच्या कॅलेंडरमध्ये पंचांग जोडून घेतलंय.