कान फसतात बरं का!

बालमित्रांनो, नवे स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार दोन-तीन वाजवून दाखवतो. "हा किती छान!" असं आपण पटकन म्हणतो. पण तो खरंच छान आहे, की नुसता मोठ्यानं वाजतोय?

आवाज लहान असला की आपल्या कानांना डग्ग्याचा घुमारा कमी ऐकू येतो. अमेरिकेतल्या फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणूनच आवाज जरासा वाढवला, की तेच गाणं भरदार वाटतं.

मग पारख कशी करायची? दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी ठेवा. मोबाइलवरच्या ॲपनं मोजून आवाज सारखा करा. ओळखीचं एकच गाणं लावा. आधी 'अ' आणि 'ब' ऐकून घ्या. मग पाठ फिरवून बसा आणि कोणता वाजतोय ते ओळखा. दहापैकी पाच-सहाच बरोबर आले, तर तो नुसता अंदाज!

आणि हो, आधी घरातला जुना स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहा. कोपऱ्यात खर्जाचा आवाज फुगतो आणि शब्द दबतात. कदाचित आई-बाबांचे पैसे तिथंच वाचतील!