चौकट नवी, कुलूप जुने

डोंबिवलीच्या आमच्या भाचीचे ऑफिस अंधेरीस असले, तरी आठवड्यातून तीन दिवस ते तिच्या बैठकीच्या खोलीतच भरते. लोकलमधील चेंगराचेंगरी चुकते, सासूबाईंच्या औषधांच्या वेळाही सांभाळल्या जातात. मध्यंतरी एके रात्री निजण्यापूर्वी तिने लॅपटॉपवर आलेले 'अपडेट' मान्य केले, आणि सकाळी ऑफिसशी जोडणारा व्हीपीएनचा मार्गच उघडेना. शेजारच्या हुशार चिरंजीवांनी तोड सुचविली, "काकू, फायरवॉल बंद करून टाका." तिने ती ऐकली नाही; मुकाट्याने एक दिवसाची रजा घातली, याचे आम्हांस कौतुक वाटते.

हा प्रकार एकट्या तिच्याच नशिबी आला असे नाही. 16 सप्टेंबर 2024 रोजी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी 'सिकोया' ही नवी प्रणाली प्रसृत केली, आणि क्राउडस्ट्राइक, ईसेट, सेंटिनलवन, इतकेच काय, खुद्द मायक्रोसॉफ्ट यांची संरक्षक साधने तिच्यावर अडखळू लागली. कारण समजण्यास कठीण नाही. ही साधने जाळ्यातून येणारा-जाणारा निरोप तपासतात. त्यासाठी त्यांस मूळ प्रणालीच्या अंतर्भागात नेमक्या जागी चौकी मांडावी लागते. सुताराने दाराची चौकट बदलली की कुलूप शाबूत असूनही कोयंडा जुळत नाही, तसेच हे. दुरुस्ती निघाली ती 3 ऑक्टोबरास, घटस्थापनेच्या दिवशी. म्हणजे सबंध पितृपक्ष अडचणीत गेला! आमच्या घरातील वडील मंडळींनी यातून काढलेला अर्थ येथे देत नाही.

मग अपडेट घेऊच नये काय? तसे म्हणणाऱ्यांनी 27 जून 2017 हा दिवस आठवावा. 'नॉटपेट्या' नामक विषाणूने त्या वेळी, ठाण्याहून फार दूर नसलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम विस्कळीत केले. तो ज्या वाटांनी फैलावला, त्यांपैकी एक बुजविणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवले होते.

भाचीच्या घरी आता नियम झाला आहे: सुरक्षेची लहान ठिगळे आली त्याच आठवड्यात लावावयाची, संपूर्ण नवी प्रणाली मात्र ऑफिसच्या संगणक विभागास विचारल्यावाचून घ्यावयाची नाही, आणि घेतलीच तर शनिवारी, रविवार हाताशी ठेवून. सासूबाईंनी तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, स्वहस्ते लिहून ठेवला आहे.